मंडपेश्वर ते वसई : कातळात कोरलेला ख्रिस्ती वारसा

ख्रिस्ती धर्माच्या प्राचीन खुणा पाहायच्या तर जेरुसलेम, रोम किंवा ग्रीसमधील थेस्सालोनिकी गाठावे लागते, असा सर्वसाधारण समज आहे. थेस्सालोनिकीतील प्राचीन ख्रिस्ती आणि बायझंटाइन वास्तूंना १९८८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आणि तेव्हापासून जगभरचे पर्यटक त्या शहराची वाट धरतात. मात्र मुंबईच्या उत्तर टोकाला, बोरीवली पश्चिमेच्या आयसी कॉलनीलगत एक कातळ असा आहे की ज्यात शिवमंदिर, चर्च आणि पुन्हा शिवमंदिर असा प्रवास एकाच जागी घडला. मंडपेश्वर लेणी हे त्याचे नाव. दररोज हजारो बोरीवलीकर या लेण्यावरून जातात; आत शिरून भिंती वाचणारे मोजकेच.

या भागातील ख्रिस्ती वारशाविषयी दोन गैरसमज रूढ आहेत. एक, ख्रिस्ती धर्म येथे पोर्तुगीजांबरोबरच आला. दुसरा, येथील ख्रिस्ती समाज कुठून तरी बाहेरून आलेला आहे. पहिला समज जुनी प्रवासवर्णने खोडून काढतात. दुसरा येथल्या गावठाणांतली माणसे. या दोहोंच्या मध्ये उभे आहेत ते मंडपेश्वरसारखे दगड. त्यांची कहाणी गुंतागुंतीची आहे आणि म्हणूनच ती नीट समजून घेण्याजोगी आहे.

ग्रीक ग्रंथांतील सोपारा आणि कल्याण

उत्तर कोकणचा किनारा ग्रीक भाषकांना फार पूर्वीपासून परिचित होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या सागरी मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांचा उल्लेख आहे. दुसऱ्या शतकातील भूगोलज्ञ टॉलेमीनेही सोपाऱ्याची नोंद केली आहे. आजचे नालासोपारा म्हणजे तेच शूर्पारक. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्यातच सापडले आहेत. बोरीवलीच्या कान्हेरी लेण्यांना दान देणाऱ्यांमध्ये सोपारा आणि कल्याण येथील व्यापारी होते, हे तेथील ब्राह्मी लेखांतून दिसते. थोडक्यात, जिथे माल येत होता तिथे विचार आणि धर्मही येत होते.

ख्रिस्ती परंपरेनुसार येशूच्या बारा शिष्यांपैकी संत बार्थोलोम्यू याने भारतात धर्मप्रसार केला आणि स्थानिक श्रद्धा त्याचा संबंध कल्याणच्या परिसराशी जोडते. ही परंपरा आहे. तिला पुरातत्त्वीय पुरावा नाही. लेखी पुरावा भेटतो तो सहाव्या शतकात. अलेक्झांड्रियाचा व्यापारी आणि पुढे संन्यासी झालेला कॉस्मस इंडिकोप्लुस्टेस याने इसवी सन ५५० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रीक ग्रंथात 'कल्लियाना' नावाच्या ठिकाणी ख्रिस्ती लोक असल्याचे आणि तेथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे नमूद केले आहे. हे 'कल्लियाना' म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींना ते केरळच्या किनाऱ्यावर असावे असे वाटते. कल्याण हे मत ग्राह्य धरले, तर पोर्तुगीज येण्याच्या सुमारे हजार वर्षे आधी ठाणे खाडीच्या काठी ख्रिस्ती उपासना होत होती, असा त्याचा अर्थ होतो.

ठाण्यातील चार संन्यासी

यानंतरची ठोस नोंद चौदाव्या शतकातील आहे आणि ती ठाण्याची आहे. १३२१ मध्ये काही युरोपीय संन्यासी समुद्रमार्गे पूर्वेकडे निघाले असता त्यांचे जहाज ठाण्याच्या बंदरास लागले. त्यांपैकी चौघे फ्रान्सिस्कन पंथाचे होते आणि पाचवा, जॉर्डानस, हा फ्रान्समधील डॉमिनिकन. जॉर्डानस धर्मकार्यासाठी बाहेरगावी गेला असताना इतर चौघांचा स्थानिक काजीशी धार्मिक वाद झाला. त्यातून एप्रिल १३२१ मध्ये चौघांनाही ठार मारण्यात आले. परतलेल्या जॉर्डानसने त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले.

त्यानंतर लवकरच ओडोरिक हा इटालियन फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्यास आला. त्याने त्या चौघांच्या अस्थी बाहेर काढून चीनपर्यंत सोबत नेल्या आणि प्रवासवर्णनात ठाण्याची हकीगत लिहून ठेवली. त्यात एक छोटेसे वाक्य इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे आहे. ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्तींची पंधरा घरे असल्याचे तो सांगतो. नेस्टोरियन म्हणजे इराण आणि मेसोपोटेमियातील पूर्वेकडच्या ख्रिस्ती धर्मपीठाला मानणारे. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये. त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी ठाण्यात ही पंधरा घरे नांदत होती.

या दीर्घ कालखंडाची एकही वास्तू मात्र आज उभी नाही. सोपाऱ्याची दफनभूमी किंवा कल्याणच्या बिशपचे प्रार्थनागृह दाखवता येत नाही. हा वारसा कागदावर आहे. दगडात तो उतरला सोळाव्या शतकात, आणि त्या दगडांपैकी सर्वांत बोलका दगड बोरीवलीत आहे.

शिवाचा मंडप, मेरीचे चर्च

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई, साष्टी आणि लगतची बेटे पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचे बेट. वांद्र्यापासून दहिसरपर्यंतचे आजचे बहुतेक उपनगर त्यातच मोडते. पोर्तुगीज सत्तेपाठोपाठ आले ते फ्रान्सिस्कन पाद्री. त्यांच्यातील अंतोनियो दो पोर्तो याचे नाव या परिसराच्या इतिहासात वारंवार येते. मंदिरे मोडण्यात आणि चर्च उभारण्यात तो अग्रेसर होता, हे त्याच्याच पंथाच्या इतिहासकारांनी गौरवाने लिहून ठेवले आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्याची दृष्टी मंडपेश्वराकडे वळली.

मंडपेश्वर हे शैव लेणे. जोगेश्वरी आणि घारापुरी या लेण्यांच्याच परंपरेतील. अभ्यासक त्याचा काळ साधारणतः सहावे ते आठवे शतक असा मानतात. खांबांचा प्रशस्त मंडप, मागे गाभारा, बाजूंना दालने आणि दालनांत शिवाची शिल्पे अशी त्याची रचना. पोर्तुगीज आले तेव्हा येथे जोग्यांचा निवास होता. त्यांना हटवून या लेण्याचे चर्चमध्ये रूपांतर करण्यात आले आणि ते 'पिएदादे'च्या मेरीला, म्हणजे आपल्या मृत पुत्राचा देह मांडीवर घेऊन शोक करणाऱ्या मातेला, अर्पण करण्यात आले. लेण्याच्या माथ्यावर दगड-चुन्याची भव्य वास्तू उभारण्यात आली. तेथे संन्याशांचा मठ आणि स्थानिक मुलांसाठी विद्यालय चालत असे. साष्टीतील पहिल्या पाश्चात्त्य पद्धतीच्या शिक्षणसंस्थांमध्ये त्याची गणना होते.

गोव्यातील पोर्तुगीज इतिहासकार दियोगो द कूतो याने या लेण्याचे वर्णन केले आहे. १६९५ मध्ये इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी कान्हेरीला जाताना येथे येऊन गेला. कातळाच्या पोटातले चर्च ही त्या काळच्या युरोपीय वाचकांसाठी नवलाची गोष्ट होती.

१७३७ मध्ये चित्र पालटू लागले. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजांनी साष्टी जिंकली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला सर केला. मंडपेश्वरातून चर्च गेले, माथ्यावरील मठ ओस पडला. कालांतराने लेणे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आले. आज गाभाऱ्यात शिवलिंग आहे आणि महाशिवरात्रीला येथे भाविकांची रांग लागते.

लेणे कसे पाहावे

मंडपेश्वर पाहायला जाणाऱ्याने घाई करू नये. लेणे पूर्वाभिमुख असल्याने सकाळच्या उन्हात शिल्पे उजळतात. प्रथम मंडपातील खांब पाहावेत. मूळ शैव लेण्याची भव्यता त्यांवरून ध्यानात येते. मग बाजूच्या दालनात जावे. तेथे नृत्यमुद्रेतील शिवाचा शिल्पपट आहे. तो भग्न आहे, पण देहाचा तोल आणि भोवतालच्या देवतांची मांडणी अजूनही ओळखू येते. पाशुपत पंथात शिवाचा अवतार मानल्या गेलेल्या लकुलीशाचे अंकनही या लेण्यात आहे. त्यावरून लेणे कोणत्या पंथाच्या प्रभावाखाली कोरले गेले असावे, याचा अंदाज अभ्यासकांना येतो.

त्यानंतर शोधावा तो क्रूस. लेण्यातील एका भिंतीवर, जिथे पूर्वी शिल्प होते ती जागा तासून, खडकातच मोठा क्रूस उठावात कोरलेला आहे. बारकाईने पाहिले तर छिन्नीच्या दोन वेगवेगळ्या काळांतल्या खुणा एकाच पृष्ठभागावर दिसतात. मूर्ती घडवणारा कारागीर आणि ती तासून क्रूस घडवणारा कारागीर यांच्यात सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे. हा दुसरा कारागीर परदेशी असण्याचे कारण नाही. साष्टीत चर्चच्या बांधकामावर राबणारे हात प्रामुख्याने स्थानिकच होते.

येथे आणखी एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. पोर्तुगीजांनी काही शिल्पे फोडली, तर काहींच्या पुढे भिंत घालून ती झाकून टाकली. उपासकांच्या नजरेस 'मूर्ती' पडू नये, हा त्यामागील हेतू. पण झाकलेले शिल्प ऊन-पावसापासून आणि हातोड्यापासूनही वाचते. पुढे ती भिंत हटली तेव्हा आड दडलेली शिल्पे पुन्हा उजेडात आली. ज्या भिंतीने देव नाकारला तिनेच त्याला काही अंशी राखले.

लेणे पाहून झाल्यावर माथ्यावरील अवशेष पाहावेत. छप्पर केव्हाच कोसळले आहे. उंच भिंती आणि कमानी उरल्या आहेत. भिंतींच्या फटींत मुळे घुसली आहेत. जवळच 'अवर लेडी ऑफ इमॅक्युलेट कन्सेप्शन' हे चर्च आहे. जुन्या धर्मग्रामाची परंपरा तेथे चालू आहे आणि आयसी कॉलनीतील 'आयसी' ही अक्षरे याच चर्चच्या नावातून आली आहेत. परिसरास 'माउंट पॉइन्सर' म्हणतात.

कान्हेरीतील चर्च

बोरीवलीच्या पूर्वेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणीही या इतिहासापासून अलिप्त राहिली नाहीत. पहिल्या-दुसऱ्या शतकापासून बौद्ध भिक्षूंची वस्ती असलेल्या या डोंगरातील मोठ्या चैत्यगृहाचा पोर्तुगीजांनी संत मायकलचे चर्च म्हणून काही काळ वापर केला. येथे मात्र बदल वरवरचा राहिला. चैत्याच्या रचनेत आणि युरोपीय चर्चच्या रचनेत मुळातच साम्य आहे. लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी अर्धवर्तुळाकार भाग आणि त्यात पूजास्थान. स्तूपाच्या जागी वेदी कल्पिली की चर्च तयार. याच कान्हेरीत अकराव्या शतकात येऊन गेलेल्या पारशी यात्रेकरूंचे पहलवी भाषेतील लेखही कोरलेले आहेत. एकाच डोंगरावर तीन धर्मांच्या माणसांनी आपल्या खुणा ठेवल्या आहेत.

थेस्सालोनिकीचा धडा

उपासनास्थळाचे असे रूपांतर केवळ साष्टीत घडले असे नाही. थेस्सालोनिकीतील 'रोटुंडा' ही वर्तुळाकार वास्तू रोमन सम्राट गॅलेरियसच्या काळात, चौथ्या शतकाच्या प्रारंभी उभी राहिली. पुढे तिचे चर्च झाले आणि घुमटाच्या आत सोनेरी मोझेकची चित्रे आली. ऑटोमन तुर्कांच्या राजवटीत, १५९१ च्या सुमारास, तिची मशीद झाली. १९१२ मध्ये शहर ग्रीसकडे आल्यावर ती पुन्हा ख्रिस्ती उपासनेसाठी खुली झाली. आज ती प्रामुख्याने संरक्षित स्मारक म्हणून ओळखली जाते. विशेष म्हणजे तिच्या शेजारचा मशिदीचा मनोरा पाडण्यात आलेला नाही. रोमन विटा, ख्रिस्ती मोझेक आणि तुर्की मनोरा हे तिन्ही एकाच आवारात पाहता येतात आणि माहितीफलक तिन्हींविषयी सांगतात.

मंडपेश्वरात येणाऱ्याची अडचण नेमकी हीच असते. एका पिढीला क्रूस खुपतो, दुसरीला फुटलेले शिल्प. पण क्रूस काढून टाकला तर तेथे शिल्प परत येणार नाही. केवळ घडलेल्या घटनेचा पुरावा नाहीसा होईल. उलट क्रूसाकडेच पाहून फुटलेल्या शिल्पांकडे डोळेझाक केली तर इतिहासाचा अर्धा भाग गाळला जाईल. लेणे तोडफोडीची साक्ष देते, ती सौम्य करण्याचे कारण नाही. पण साक्षीदाराचीच जीभ छाटणे हा त्यावरील उपाय नव्हे.

घंटांचा उलटा प्रवास

बोरीवलीहून उपनगरी गाडीने वसई रोड स्थानक गाठले की या कहाणीचा दुसरा अंक पाहता येतो. वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफ कॅथेड्रलचा मनोरा आणि फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट व ऑगस्टिनियन अशा वेगवेगळ्या पंथांच्या चर्चचे अवशेष आहेत. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर पोर्तुगीज अक्षरे अजून वाचता येतात. याच वसईत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेला गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन पंथात दाखल झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत होय.

१७३९ च्या विजयानंतर वसई आणि साष्टीतील चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या आणि देवळांना अर्पण केल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातील प्रसिद्ध घंटेवर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरच्या देवळापुढील घंटेवर १७२९ आहे. वाईजवळच्या मेणवलीतील घंटाही त्याच मालिकेतली. या घंटांवर क्रूसाचे किंवा मेरीचे अंकन आढळते आणि तरीही पिढ्यान्पिढ्या त्यांच्या नादाने शिवाची पूजा सुरू होत आली आहे. मंडपेश्वरात देवळाचे चर्च झाले. नाशिक आणि भीमाशंकरात चर्चच्या घंटेने देऊळ जागवले. एका युद्धाच्या या दोन खुणा एकत्र पाहिल्या तरच पूर्ण चित्र दिसते.

सत्ता गेली, समाज राहिला

पोर्तुगीज गेले तेव्हा त्यांच्याबरोबर येथील ख्रिस्ती समाज गेला नाही, ही बाब अनेकदा विसरली जाते. वसईच्या तहात ख्रिस्ती रहिवाशांच्या धर्माचरणाला मुभा देण्यात आली. युरोपीय पाद्री निघून गेले तरी एतद्देशीय धर्मगुरूंनी उपासना चालू ठेवली. हे ख्रिस्ती म्हणजे येथलेच कोळी, कुणबी, भंडारी, वाडवळ, सामवेदी. आडनावे पोर्तुगीज झाली, पण शेत, होडी आणि बोली तीच राहिली. इंग्रजांच्या काळात मुंबईत नोकरीसाठी गोवा-मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्तींपासून आपले वेगळेपण दाखवण्यासाठी साष्टी-वसईच्या ख्रिस्तींनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १८८७ मध्ये, 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन'ची स्थापना झाली. नाव इंग्रजी असले तरी घरातील बोली मराठीच आहे. लग्नाआधी विहिरीचे पाणी वाजतगाजत आणण्याचा 'उंबराचे पाणी' हा विधी, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेण्याचा 'आगेरा' हा सण, लाल लुगडे आणि सोन्याचे दागिने यांवरून त्या समाजाची मुळे कोणत्या मातीत आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाच्या माध्यमातून हेच नाते मराठी वाचकांपुढे मांडले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. साष्टी-वसईच्या ख्रिस्ती परंपरेला मराठी साहित्याच्या व्यासपीठाने दिलेली ती दाद होती.

गावठाणांत फिरताना रस्त्याच्या कडेला, वडापिंपळाच्या सावलीत उभे असलेले दगडी क्रूस दिसतात. त्यांतील अनेक १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत उभारले गेले. साथीतून गाव वाचावे म्हणून किंवा वाचल्याच्या कृतज्ञतेपोटी. त्यांवर कोरलेली वर्षे वाचत गेले की उपनगराचा असा इतिहास उलगडतो, जो पुस्तकांत सहसा सापडत नाही.

उपनगरातील अन्य स्थळे

मंडपेश्वराखेरीज साष्टीत पाहण्याजोगी आणखी काही स्थळे आहेत. वांद्र्याचे सेंट अँड्र्यू चर्च जेझुइटांनी १५७५ मध्ये बांधले आणि ते आजही वापरात आहे. मढ बेटावरील एरंगळ येथील सेंट बोनाव्हेंचर चर्चही सोळाव्या शतकातले, समुद्राच्या अगदी काठी उभे असलेले. जानेवारीतील दुसऱ्या रविवारी तेथे भरणाऱ्या जत्रेला ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही समाजांचे लोक येतात.

अंधेरीच्या 'सीप्झ' औद्योगिक वसाहतीच्या आवारात सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. हे चर्च १५७९ मध्ये जेझुइटांनी बांधले. १८४० मध्ये परिसरात साथ पसरल्याने गावकरी मरोळला गेले आणि चर्च ओस पडले. १९७३ पासून त्याच्याभोवती निर्यातीचे कारखाने उभे राहिले. एरवी तेथे बाहेरच्यांना सहज प्रवेश नाही, मात्र दरवर्षी मे महिन्यात सणानिमित्त छप्पर नसलेल्या भिंतींमध्ये प्रार्थना होते. गाव उठून गेले, चर्च कोसळले, तरी वर्षातून एकदा माणसे परत येतात.

कायदा आणि शेजार

मंडपेश्वराचे भवितव्य आता इतिहासापेक्षा शहरनियोजनाशी अधिक निगडित आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये सुधारणा झाली. तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतच्या क्षेत्रात नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरच्या क्षेत्रात परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. नियमभंगासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

हा नियम स्मारकाच्या हिताचा असला तरी त्याची झळ शेजाऱ्यांना बसते. लेण्याभोवतीच्या जुन्या इमारतींना दुरुस्तीची परवानगी मिळू शकते, पण पुनर्विकासाची वाट अडते. मुंबईत पुनर्विकास म्हणजे सामान्य कुटुंबाची आयुष्यभराची आशा. त्यामुळे ज्या कातळाचा अभिमान वाटावा तोच रहिवाशांना अडथळा वाटू लागतो. जोगेश्वरी आणि महाकाली लेण्यांच्या परिसरातही हाच प्रश्न आहे. लोकांना लेण्याची ओळख होणे येथे महत्त्वाचे ठरते. ज्या वास्तूत काय आहे हेच शेजाऱ्याला ठाऊक नाही, तिच्यासाठी त्याने गैरसोय का सोसावी? प्रवेशद्वारापाशी लेण्याचे सर्व कालखंड सांगणारा सविस्तर मराठी फलक, शाळांच्या सहली, माथ्यावरील अवशेषांची नियमित निगा या साध्या गोष्टींनीही बराच फरक पडू शकेल.

भेटीची आखणी

मंडपेश्वर पाहण्यास दीड-दोन तास पुरेसे होतात. बोरीवली स्थानकाच्या पश्चिमेकडून रिक्षा मिळते. मेट्रोची '२ अ' मार्गिका २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झाल्यापासून मंडपेश्वर स्थानकावर उतरूनही तेथे जाता येते. कान्हेरीसाठी वेगळा दिवस राखावा. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते आणि प्रवेशद्वारापासून लेणी काही किलोमीटर आत आहेत. वसई किल्ल्यासाठी अर्धा दिवस हवा आणि त्यालाच जोडून नालासोपाऱ्याचा स्तूप पाहता येईल. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

लेण्यात पूजा चालू असते आणि शेजारच्या चर्चमध्ये प्रार्थना. पादत्राणे, छायाचित्रण आणि शांतता यांविषयी दोन्हीकडे तेथील प्रथा पाळाव्यात. कोरीव भागाला हात लावू नये. चौदाशे वर्षांच्या दगडाला माणसाच्या हाताचा घामही झिजवतो. भिंतीवर नाव कोरण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. या कातळावर आजवर ज्यांनी छिन्नी चालवली त्यांचा काळ निघून गेला. उरलेले जपून पुढच्या पिढीला दाखवणे, एवढेच काम आता बोरीवलीकरांकडे आहे.